आठपट उजेड

फ्लॅश पडला आणि मुलीच्या पापण्या हलल्या नाहीत. निकेशने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात पाहिले, मग मान वर करून तिच्याकडे पाहिले. पासपोर्टच्या फोटोला बसलेली माणसे एक तर उजेडाच्या आधी डोळे मिटतात, नाही तर उजेडाबरोबर. कोळशाच्या ट्रकवरचे आडदांड ड्रायव्हरसुद्धा त्या क्षणी कुणी थोबाडीत मारायला हात उगारावा तसे मागे सरतात आणि मग ओशाळून हसतात. तेवीस वर्षांत ते हसणे त्याच्या सवयीचे झाले होते. ही मुलगी मात्र स्टुलावर गुडघे जुळवून, ओढणी खांद्याशी पिनेने टाचून, उघड्या डोळ्यांनी तशीच बसून होती, आणि फ्लॅश पुन्हा भरत आल्याची बारीक शीळ बंद खोलीत चढत चालली होती. उजेडाला न बुजणारे चेहरे त्याने पूर्वी पाहिले होते. एक सोडला तर ते सगळे जमिनीवर पडलेले होते.

"झाला का जी?" तिने विचारले.

"झाला. बसा बाहेर, पाच मिनिटांत देतो."

ती उठली नाही. ओढणीची पिन तिने काढली, पुन्हा लावली. "अजून एक काम होतं, भाऊ. जुना फोटो पाहिजे होता. तुमीच काढला म्हणते."

"कोण म्हणते?"

"आमच्या गावचा कोतवाल. चैतू आजा. त्याले आता दिसत नाई, पण ध्यानात सारं आहे. म्हणे चंद्रपूरचा फोटोवाला होता, दुबळासा, त्याच्या कॅमेऱ्याले दोरी बांधून होती."

निकेशचा हात नकळत कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे गेला. तिथे आता दोरी नव्हती.

"कोणाचा फोटो?"

"माह्या आईचा. प्रेमिला नाव तिचं. पळसबोडीची. मोहाले गेलती, वाघानं नेली. मी चार वर्षाची होती." तिने हे शाळेत पाठ केलेल्या ओळींसारखे, न थांबता सांगितले. तिचे नाव दामिनी. ऊर्जानगरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्याच बसने आली. "पुढच्या महिन्यात लग्न आहे. मुलगा वडशाचा. आमच्यात मेलेल्या मायले पहिली हळद लावा लागते, पाटावर फोटो मांडून. घरी तिचा एकबी फोटो नाई. तुमच्यापाशी जसा असंल तसा द्या."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढले, आणि तो आवाज निकेशच्या दातांतून गेला. जसा असेल तसा. पाकिटे ठेवायच्या तिसऱ्या खणात, तळाशी, बटर पेपरच्या घडीत निगेटिव्हची ती पट्टी होती. ती तिथे आहे हे त्याला रोज सकाळी दुकान उघडताना ठाऊक असे, जसे दुखऱ्या दाढेला जीभ न लावताही ती तिथे आहे हे माणसाला ठाऊक असते. तो म्हणाला, "बघावं लागेल," आणि आपला आवाज तिला बदललेला वाटला असेल का, या विचाराने उगाच टेबलावरची कात्री उचलून पुन्हा ठेवली.

या स्टुडिओचे मूळ मालक गुणवंतराव. निकेश विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आला तेव्हा शहरात सगळे रंगीत झाले होते, पण ठाण्याची कामे अजून काळ्या-पांढऱ्यातच चालत, कारण ती फिल्म दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत धुता येई आणि मढ्यांचे फोटो परक्याच्या हाती जात नसत. पंचनाम्याला त्या भागातल्या ठाण्यांना गुणवंतरावच लागत. फ्लॅशचे सारे शास्त्र त्यांनी निकेशला एका आकड्यात शिकवले होते: अठ्ठ्याऐंशी. ही आपल्या फ्लॅशची ताकद. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते मोजायचे, त्या फुटांनी अठ्ठ्याऐंशीला भागायचे, येईल तो आकडा लेन्सच्या कड्यावर लावायचा. आठ फुटांवर अकरा. अकरा फुटांवर आठ. चार फुटांवर बावीस. आकडा मोठा तितके लेन्सचे भोक बारीक, कारण माणूस जितका जवळ तितका उजेडाचा मार जास्त. "दुप्पट जवळ गेला का उजेड चौपट होते," ते म्हणत, "दुप्पट नाई. इथंच सारे पडतात." आणि अंतर डोळ्याने जोखायचे नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पांढरी नायलॉनची दोरी बांधलेली, दर फुटाला एक गाठ. मोकळे टोक समोरच्याच्या छातीशी धरायचे आणि गाठी मोजायच्या. लग्नात नवऱ्या मुली त्या दोरीला हसत. मढ्याशी ते टोक धरायला कुणी पुढे येत नसे, तेव्हा गुणवंतराव एक दगड शोधून त्याखाली ते दाबत आणि मागे सरत सरत मोजत. निकेशने त्यांच्यामागे उभे राहून कितीतरी मोजलेली पाहिली: रुळांवर दोन जागी पडलेला एक धानाचा हमाल, कुंपणाच्या तारेला चिकटून कोळशासारखा वळलेला म्हातारा, रानगव्याने पोट उघडलेला गुराखी, ज्याच्या हातात अजून बिडी होती. प्रत्येकाला गुणवंतरावांनी तोच मान दिला होता, नेमके अंतर आणि नेमका आकडा, आणि फोटोत त्या माणसांच्या जखमा त्यांच्या स्वतःच्या राहिल्या, ना काळ्या ना पांढऱ्या.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये गुणवंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून ठाण्याची जीप आली तेव्हा निकेश एकटाच गेला. पळसबोडीच्या मागचे जंगल मोहाच्या वासाने आंबून गेले होते. झाडांखाली बायकांनी पाचोळा जाळून जमीन काळी केली होती, आणि त्या काळ्यावर पिवळट फुलांचा सडा, कुणी न वेचलेला. पालथी टोपली ओलांडून, ओढत नेल्याच्या खुणेवरून ते बांबूच्या एका दाट रांजीत शिरले. बाहेर डोळे फोडणारे ऊन आणि आत विहिरीतल्यासारखा हिरवा अंधार. फ्लॅशवाचून तिथे काहीच निघाले नसते. प्रेमिला कुशीवर पडली होती. रात्री कोल्ह्यांनी पायांकडून सुरुवात केली होती. मांडीच्या जागी जे होते त्याकडे पाहून एक शिपाई बाजूला जाऊन ओकला. चेहऱ्याला मात्र कुणी शिवले नव्हते. डोळे अर्धे उघडे होते, आणि एक मुंगी खालच्या पापणीच्या काठाकाठाने, जणू बांधावरून, सावकाश चालत होती. साहेब म्हणाले, "आधी पूर्ण बॉडी. मग मान, जवळून." निकेशने दोरी सोडली आणि विचारले, "टोक कोण धरते?" कुणी हलले नाही. त्याने दगडासाठी इकडेतिकडे पाहिले, पण तोवर बनियन घातलेला एक माणूस गर्दीतून पुढे आला, तिच्या खांद्याशी उकिडवा बसला, आणि ते टोक त्याने चिमटीत घेऊन तिच्या गळपट्टीच्या हाडावर अलगद ठेवले. तिचा नवरा, धनराज. अकरा गाठी भरल्या. निकेशने कड्यावर आठ लावला. फ्लॅश पडला तेव्हा त्या रांजीतले सगळे दचकले, शिपाई, पंच, कोतवाल, पानांत बसलेला एक पक्षीसुद्धा. दोनच चेहरे दचकले नाहीत, आणि त्यांतला एक मेलेला होता.

मग मानेचा. निकेश दोरी मुठीत गोळा करत पुढे सरकला, दहा, नऊ, आठ, आणि गाठी बोटांखालून जाताना त्याला वाटले की तो चालत नाही, त्याला ओढले जात आहे. चार गाठी उरल्या तेव्हा धनराजचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. मोहाच्या दारूचा आणि नुकत्याच घासलेल्या राखुंडीचा वास. धनराजने दोरीला एक बारीक हिसका दिला. पट्टा निकेशच्या मानेत रुतला. "जल्दी कर न, भाऊ," तो हळूच म्हणाला, बैलाला म्हणावे तसे, रागावाचून. निकेशने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या चौकटीत, कानाच्या खाली, त्याने काय पाहिले ते त्याने पुढे कधी कुणाला सांगितले नाही; स्वतःलाही सांगताना तो वाक्य अर्धेच सोडत असे. त्याने कळ दाबली. लेन्सच्या कड्यावर बावीस हवा होता. तिथे आठच राहिला होता. दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली नेहमीप्रमाणे आठ सेकंद उजेड देऊन त्याने कागद ट्रेमध्ये सोडला, तेव्हा मागचे बांबू उमटले, दूरचा पाचोळा उमटला. आणि मध्ये, जिथे ती असायला हवी होती तिथे, नुसता पांढरा कागद. साहेबांनी तो फोटो पाहिला, फाईलला टाचला आणि म्हणाले, "चालते." झाडाखाली उरकलेल्या शवविच्छेदनात वन्य प्राणी असे लिहून झाले होते. त्या जंगलात एक वाघीण फिरत होतीच.

गुणवंतरावांनी मात्र ती पट्टी खिडकीशी धरली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती काय दिसणार. त्यांनी ती अंगठ्याने चाचपल्यासारखी केली. "आठपट उजेड खाल्ला यानं. पण जाड पट्टी मरत नाई, निकेश. पातळ मरते. जाडीच्या आत सारं असते, फक्त वेळ द्या लागते. आठपट उजेडाले आठपट वेळ." त्या दुपारी गुणवंतराव झोपल्यावर त्याने चौसष्ट सेकंद दिले होते. ट्रेच्या तळातून तिचे कपाळ वर आले, मग नाक, मग ओठ, आणि मग कानाखाली तीन आडव्या रेघा, सरळ, एकाखाली एक, सरपण फोडणाऱ्या हाताला पहिल्या घावात जमले नाही म्हणजे पडतात तशा. चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमध्ये कागद घालायच्या आधीच त्याने तो मुठीत चुरगाळला. आपण कशाला भ्यालो हे त्याने पुढे पुष्कळदा तपासून पाहिले. धनराजला, असे म्हटले असते तर सोपे झाले असते. पण खरे कारण इतके लहान होते की ते उच्चारायला लाज वाटावी: ठाण्यात परत जाऊन, चार माणसांपुढे, मी दिलेला फोटो चुकीचा होता, कडे फिरवायला विसरलो, एवढे बोलायचे होते. ते त्याला जमण्यासारखे नव्हते. लहानपणी वर्गात पाणी प्यायला जाऊ का हे न विचारता तो तहानेने चक्कर येऊन पडला होता, तोच हा. उद्या जाऊ, तो म्हणाला.

आणि मग वाघीण सापडली. नाल्याच्या काठी, डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात, कमरेत अडकून. जीप आली तेव्हा चार गावे जमली होती, आणि वन खात्याची दोन माणसे हात जोडत लोकांना आवरत होती, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हते. तार इतकी आत गेली होती की वाघीण वळली की तिच्या अंगाचे दोन भाग वेगवेगळे वळत. पहिली काठी तोंडावर बसली. मग काठ्या, बैलगाडीची दांडी, दगड, एका बाईने तर विळा दोन्ही हातांनी. आणि ओल्या कापडावर धोपटणे मारावे तसा एकसारखा आवाज, ज्यात कुणी ओरडत नव्हते, सगळे काम करत होते. सर्वांत पुढे धनराज होता, कुऱ्हाड घेऊन. निकेशने अंतर जोखले, आठ फूट. कड्यावर अकरा लावला. नाल्याच्या सावलीत फ्लॅश पडला, आणि उगारलेली कुऱ्हाड, धनराजचा ताणलेला दंड, वाघिणीच्या मिशीवरचा रक्ताचा थेंब, सगळे जागच्या जागी थांबले. तिने एकदा निकेशकडे पाहिले. मग कुऱ्हाड खाली आली. आयुष्यात त्याने काढलेला तो सर्वांत नेमका फोटो होता. केसन् केस मोजता यावा असा. तो वर्तमानपत्रात आला. गुणवंतरावांनी तो मोठा करून दर्शनी काचेत लावला, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघू लागले, तेव्हा दुकानात बसलेल्या निकेशला पहिल्यांदाच असे वाटले की आपण या शहरात आहोत. महिन्याभराने प्रेमिलाचा भाऊ केवळराम आला. काचेतल्या त्या फोटोसमोरच तो उभा राहिला. "तिले न्हाऊ घालाले घेतलं तवा मी पाह्यलं जी. कुऱ्हाडीचे घाव होते. पण फोटोत पांढरं आहे म्हणते, अन् माह्या एकट्याच्या बोलण्याले कोण मानते. तुमच्यापाशी मूळची पट्टी असंल न?" निकेश म्हणाला, "जळली." केवळरामने जाताना, देवळाच्या पायरीला लावावा तसा, दुकानाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. त्या हाताला निकेश एकोणीस वर्षे झोपेत पकडू पाहत होता.

"नसंल त राहू द्या," दामिनी म्हणाली. ती अजून स्टुलावरच होती.

"तुमचे मामा..." त्याने विचारले, "केवळराम नाव होतं ना त्यांचं. ते कसे आहेत?"

"तुमाले माहीत आहे मामा?" ती जराशी सरळ झाली. "बाबांनं त्याचा पाय मोडला. मी लहान होती. बांधावर धरून, बंडीच्या उभारीनं. तवापासून येणं-जाणं नाई." मग, त्याने विचारले नव्हते तरी: "रागीट आहेत बाबा. पण माह्यावर हात नाई उचलला. एकदोनदा सोडला त. लग्नानंतर माह्यापाशीच राहणार. एकटे कुठी राहतीन आता. येऊनच राह्यले घ्याले."

"अर्धा तास बसा," निकेश म्हणाला.

मागच्या खोलीत गेली काही वर्षे रिकामी खोकी होती. अलीकडे नागपूरच्या कॉलेजची पोरे हौसेने जुने कॅमेरे घेऊन येऊ लागली, आपली फिल्म धुऊन मागू लागली, म्हणून त्याने ट्रे पुन्हा मांडले होते, कागद आणला होता. भिंतीवर, खिळ्याला, गाठींची ती दोरी अजून टांगलेली होती. गुणवंतराव गेल्यावर त्याला ती ना वापरता आली ना फेकता. त्याने प्लायवूडच्या दाराला कडी घातली, लाल दिवा लावला, पट्टी एन्लार्जरमध्ये, कागदावर चित्र मोठे पाडणाऱ्या दिव्याच्या यंत्रात, सरकवली. चेहरा आणि मान दोन्ही एकाच अंतरावर होते. दोघांना सारखाच मार बसला होता, दोघांना सारखाच वेळ लागणार होता. पण मुलीला चेहरा हवा होता, हळदीला. मान तिला कुठे हवी होती? यालाही एक युक्ती असते: कागदाच्या ज्या भागावर उजेड नको, तिथे आपल्या हाताची सावली धरायची. त्याने दिवा चालू केला आणि उजवा तळवा तिच्या गळ्यावर धरला. चौसष्ट सेकंद पुष्कळ असतात. बाराव्या सेकंदाला त्याला आपल्या बोटांमध्ये तिचा गळा जाणवू लागला. तिसाव्याला वाटले, ती खालून रेटते आहे. तो दाबत होता. नुसती सावली होती, तरी मनगटाची शीर फुगली होती, दात एकमेकांवर रोवले गेले होते, आणि त्याला स्पष्ट कळले की हे काम तो आज पहिल्यांदा करत नाही. गुणवंतराव सांगत, हात धरलास की हलवत राहा, थांबला की हात उमटते. त्याचा हात थांबला होता. ते त्याच्या लक्षात आले नाही. कागद फिक्स करून, पाण्यातून काढून, पंख्याखाली वाळवून त्याने घाईने पाकिटात घातला आणि बाहेर आला.

धनराज आला होता. केस पांढरे, अंग मात्र तसेच सुंभासारखे पिळलेले. तो काऊंटरच्या आत, भिंतीपाशी उभा होता, जिथे कॅलेंडरच्या मागून, एकेकाळी दर्शनी काचेत असलेल्या चौकटीचा एक कोपरा दिसत होता. कॅलेंडर त्याने बोटाने वर उचलून धरले होते.

"पाह्य दामिनी, हा कोण होय? वळख."

"तुमीच होय, बाबा. दहा वेळा सांगतलं तुमी."

"मंग. चार गावात एक माणूस पुढं झाला नाई." त्याने कॅलेंडर सोडले आणि निकेशकडे वळून त्याच्या मानेवर हात ठेवला, ओळखीच्या माणसाने ठेवावा तसा. अंगठा कानाखाली बसला. "अन् हा काढणारा. लय दुबळा होता बाप्पा तवा, मले वाटे फ्लॅशसंगं उडून जाते का काय. आता पोट सुटलं, नाई का?" हसताना त्याची बोटे जराशी आवळली. "पोट्टी ऐकत नाई. मी म्हनलं, तुह्या आईचा फोटो जळला. जळला न, भाऊ?"

निकेशच्या घशात तो जुना शब्द तयार होता. त्याने उत्तराऐवजी पाकीट काऊंटरवर ठेवले. धनराजने मान सोडली, पाकीट आधी उचलले, फोटो अर्धा बाहेर ओढला, आणि तसाच धरून राहिला. प्रेमिला पाहत होती, पापण्या जड करून, झोपेतून कुणी हाक मारल्यासारखी. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"वा," तो म्हणाला. "देवीवानी दिसते. कारागीर माणूस आहेस. नको ते दाखवलं नाई."

एवढेच तो बोलला, आणि कौतुकानेच बोलला. निकेशला आतून कुणीतरी ओल्या हाताने चापटावे तसे झाले. एकोणीस वर्षांत त्याच्या कामाला अशी नेमकी दाद कुणी दिली नव्हती.

दामिनीने फोटो घेतला. तिने तो उजेडाकडे तिरपा केला, लॅबमध्ये काच धरत असेल तसा. "आई," ती आधी पुटपुटली, कुणाला उद्देशून नाही. मग: "हे गळ्यावर पांढरं काय आहे?"

"जुना आहे न फोटो," धनराज म्हणाला. "चाल आता."

"नाई बाबा, पाहा न. बोटं आहेत हे. चार इथी, अन् हा अंगठा." तिने आपला हात फोटोवर धरून पाहिला, तिचा लहान पडला. "कोणाचा हात आहे हा, भाऊ?"

दुकानात पंखा फिरत होता. रस्त्यावर कोळशाचा ट्रक गेला आणि काचा थरथरल्या. उद्या सांगू, त्याच्या आतला तो तहानलेला मुलगा म्हणाला. आणि निकेशने पाहिले की दामिनीचे डोळे पापणी न लववता त्याच्यावर आहेत, आणि ते डोळे बापाचे की आईचे हे त्याला अजून कळलेले नाही.

"माझा," तो म्हणाला. "माझा हात आहे. तो फोटो बरोबर नाही. या आत, तुमच्यासमोर करून देतो."

"कायले?" धनराज म्हणाला. "झाला न फोटो."

"पाच मिनिटं. आत दोघंच मावतात."

"दामिनी, चाल म्हनलं."

"पाचच मिनिटं म्हणून राह्यले बाबा," ती म्हणाली, आणि धनराजने काऊंटरला वळसा घालायच्या आत ती निकेशच्या मागून आत शिरली. त्याने कडी घातली. लाल अंधारात ती आधी काहीच न दिसल्यासारखी हात पसरून उभी राहिली. "काय करू मी?" "मोजा," तो म्हणाला. "मोठ्यानं. चौसष्टपर्यंत." त्याने कागद ठेवला, दिवा चालू केला आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरले. ती मोजू लागली. विसाव्याला दारावर टकटक झाली. चाळिसाव्याला तळहात वाजला. "तीन वर्षं दिसत नाई म्हणे कोतवाल, अन् याईले वाट दाखवते," धनराज बाहेर बोलत होता, अजून हसण्याच्या आवाजात. "ए फोटोवाल्या. पोरगी आहे माही आत." चौसष्ट. निकेशने कागद ट्रेमध्ये सोडला आणि एक कोपरा उचलून पाणी हलवत राहिला.

आधी बांबू आले. मग दोरी, दोन बोटांत धरलेली. दामिनी ट्रेवर इतकी वाकली होती की तिच्या श्वासाने पाणी शहारत होते. पांढऱ्यातून कपाळ वर आले, भुवया, पापणीवरची मुंगी. मग कानाखाली पहिली रेघ, दुसरी, तिसरी. ती शेतकऱ्याच्या घरची मुलगी होती. बांबू कसा तुटतो, सरपण कसे फुटते, कोयता कुठे घसरतो, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होते. बाहेर खांद्याचा पहिला धक्का बसला आणि खिळ्यावरची दोरी हलू लागली.

"हे वाघाचं नाई," ती म्हणाली.

"नाही."

"दोरी कोण धरून आहे?"

त्या दोन बोटांपैकी एकाचे नख मध्ये चिरलेले होते, उभे, आणि ते तिने रोज ताटाशी पाहिले होते. ती सरळ झाली. तिच्या तोंडातून एक आवाज आला, लहान, कुणी पोटात गुडघा मारल्यावर येतो तसा. दाराची कडी जागची उडाली आणि पुन्हा बसली. वरच्या फटीतून बाहेरच्या उजेडाची एक धारदार रेघ छतावर आली आणि गेली.

"उजेड आत आला तर सगळं काळं होईल," निकेश म्हणाला. त्याने चिमट्याने कागद उचलला, मधल्या ट्रेमधून काढला, फिक्सरमध्ये बुडवला. "तीस सेकंद. तीस झाले की मग काही होत नाही याला."

ती दारापाशी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पाय तिने टेबलाच्या पायाला रोवले. "एक," ती म्हणाली. "दोन." धक्का बसला, प्लायवूड तिच्या पाठीत घुसल्यासारखे वाकले आणि तिचे डोके दारावर आपटले. दर धक्क्याला तिच्या पापण्या घट्ट मिटत होत्या, लहान मुलीसारख्या, आणि पुन्हा उघडत होत्या. "पोट्टे, उघड. हाडं मोडीन तुही," बाहेरचा आवाज म्हणाला, आता न हसता. "सात. आठ." कडीचा एक स्क्रू निघून ट्रेमध्ये पडला. निकेशने चिमटा खाली ठेवला. तो तिच्या शेजारी गेला आणि त्यानेही दाराला पाठ लावली. पुढचा धक्का त्याच्या मानेत बसला, नेमका कानाखाली, आणि त्याला तो ओळखीचा वाटला.

"एकवीस," दामिनी मोजत होती. तिच्या ओठातून रक्त येत होते. "बावीस."

तीस म्हटल्यावर निकेशने हात लांब करून पांढरा दिवा लावला. इतक्या लालीनंतर तो उजेड फटक्यासारखा आला आणि दोघांनीही डोळे मिटले. उघडले तेव्हा कागद ट्रेमध्ये तसाच होता, ना काळा पडलेला ना पांढरा. सगळे जिथल्या तिथे. दामिनीने तो पाण्यातून उचलला, दोन्ही हातांनी छातीशी उभा धरला, चेहरा दाराकडे करून.

"आता उघडा," ती म्हणाली.